कुत्र्याची शी, त्यातले जंत आणि मुलांची खेळायची माती: सोसायटीत नेमकं काय काय करायचं

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याच्या तळपायावर एक लाल रेघ उमटली. साडेपाच वर्षांचा आहे, दिवसभर अनवाणी हुंदडतो, त्यामुळे सगळ्यांना वाटलं काटा-बिटा लागून ओरखडलं असेल. दोन दिवसांनी ताईने बघितलं तर रेघ पुढे गेलेली. म्हणजे बोटांच्या खालून निघालेली ती आता तळव्याच्या खोलगट भागात येऊन वळली होती, जाड दोऱ्याएवढी, नागमोडी, बोट फिरवलं तर किंचित उंच लागणारी, आणि रात्री पोरगं झोपेत पाय गादीवर घासून घासून रडायचं. पहिल्या डॉक्टरांनी नायटा समजून मलम दिलं, आठ दिवस लावलं, रेघ आपली चालतच राहिली. मग स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी पाय हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "हा अनवाणी कुठे खेळतो?"

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत मागच्या बाजूला घसरगुंडी आहे आणि तिच्याखाली वाळू. रात्री तिथे कुत्री बसतात कारण वाळू मऊ आणि गार असते. कुत्र्याच्या आतड्यातल्या अंकुशकृमीची, म्हणजे हुकवर्मची, अळी त्या वाळूतून थेट कातडीत शिरली होती.

माझ्या घरी स्वतःची कुत्री आहे, चिकू, नऊ वर्षांची, त्यामुळे हे मी कुत्र्यांच्या विरोधात लिहीत नाहीये. पण त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागले, चिकूच्या व्हेटना शंभर प्रश्न विचारले, मुलांच्या डॉक्टरांना विचारले, आणि जे कळलं ते करून बघितलं. तेच इथे क्रमाने सांगते.

पहिलं: धोका कशात आहे ते नीट समजून घ्या

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असं असतं की ताजी शी घाण, वाळली की संपलं, आणि पावसाने वाहून गेली की तर प्रश्नच मिटला. जंतांच्या बाबतीत हे बरोबर उलटं आहे, आणि पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे म्हणून इथे जरा थांबून वाचा.

कुत्र्यांमधला सगळ्यात कॉमन गोल जंत म्हणजे टॉक्सोकारा कॅनिस. एक मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालू शकते आणि ती शीमधून बाहेर पडतात. पण बाहेर पडल्या पडल्या ही अंडी माणसाला काही करू शकत नाहीत, आतली अळी तयार व्हायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. तोपर्यंत शी तुडवली गेलेली असते, वाळून भुगा झालेली असते, खराट्याने पसरलेली असते, म्हणजे डोळ्याला काहीच दिसत नाही. अंडी मात्र मातीत असतात आणि त्यांचं कवच इतकं चिवट असतं की अनुकूल जागी ती महिनोन्महिने, कधी कधी वर्षांवर तग धरतात. मुलाने तीच माती लागलेला हात तोंडात घातला की अंडं पोटात जातं.

हुकवर्मचं गणित वेगळं आहे. त्याची अंडी ओल्या उबदार मातीत एक-दोन दिवसांत फुटतात आणि ५ ते १० दिवसांत कातडीतून शिरू शकणारी अळी तयार होते. ती काही आठवडे ओलाव्यात जगते. कोरडं कडक ऊन तिला सोसत नाही. म्हणजे पुण्यातला एप्रिल-मे तिला नको असतो, आणि जून ते सप्टेंबर तिचा सीझन असतो.

तिसरा, इकायनोकॉकस, हा फीतकृमी, म्हणजे टेपवर्म, आहे. कमी दिसतो पण तापदायक आहे, कारण याची अंडी शीतून बाहेर पडतात तीच तयार होऊन, थांबायची गरजच नाही. माणसाच्या लिव्हरमध्ये किंवा फुफ्फुसात यामुळे पाण्याने भरलेल्या गाठी होतात, हायडॅटिड म्हणतात त्याला, आणि त्या वर्षानुवर्षं गपचूप वाढतात. कुत्र्याला हा कुठून येतो, तर शेळ्या-मेंढ्यांचं कच्चं काळीज, फुफ्फुसं वगैरे खाल्ल्यामुळे. (टॉक्सोकारा आणि टॉक्सोप्लाझ्मा या सारख्या वाटणाऱ्या नावांमुळे लोकांचा घोळ होतो, टॉक्सोप्लाझ्मा हा मांजरांचा विषय आहे, इथे नाही.)

तर मुद्दा असा, की बहुतेक जंतांच्या बाबतीत आपल्याला काही दिवसांची मोकळीक मिळते. शी त्याच दिवशी उचलली तर गोल जंत आणि हुकवर्म दोघांचीही साखळी तिथेच तुटते. उशीर केला की उचलायला काही उरतच नाही.

दुसरं: आपल्या घरच्या कुत्र्यापासून सुरुवात

पिल्लू आणलं असेल तर जंताचं औषध २ आठवड्यांच्या वयापासून सुरू होतं. साधारणपणे २, ४, ६, ८ आठवडे, मग ६ महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला, आणि नंतर मोठ्या कुत्र्याला दर ३ महिन्यांनी. घरात रांगतं मूल असेल किंवा कुत्रा बाहेर सापडेल ते खात असेल तर व्हेट यापेक्षा लवकर लवकर द्यायला सांगतात. इतक्या लहान वयात कशाला असं वाटेल, पण टॉक्सोकाराच्या अळ्या आईच्या अंगात सुप्त पडून असतात, ती गाभण राहिली की जाग्या होतात आणि पिल्लांमध्ये पोटातच जातात, शिवाय दुधातूनही जातात. म्हणजे पिल्लू जन्माला येतानाच जंत घेऊन येतं आणि ३-४ आठवड्यांचं झालं की त्याच्या शीतून अंडी पडायला लागतात. सगळ्यात गोड दिसणारं वय तेच आणि सगळ्यात जास्त अंडी टाकणारं वयही तेच. म्हणून व्यायलेल्या आईलाही पिल्लांसोबत औषध द्यायचं असतं.

डोस वजनावर ठरतो, त्यामुळे मागच्या वर्षीच्या अंदाजाने देऊ नका, आधी वजन करा. कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभं राहा, मग तुमचं वजन वजा करा, झालं. औषधाच्या पट्टीवर काय काय आहे ते वाचा, कारण पायरँटेलने गोल जंत आणि हुकवर्म जातात पण फीतकृमी जात नाही, त्याला प्राझिक्वांटेल लागतं. बऱ्याच गोळ्यांमध्ये दोन्ही एकत्र असतात. आणि घरातल्या माणसांच्या गोळ्या अर्ध्या करून देऊ नका. कोलीसारख्या काही जातींना आयव्हरमेक्टिन जीवघेणं ठरू शकतं, त्यामुळे व्हॉट्सॲपवर आलेले डोसही नकोत.

गोळी दिल्यावर एक-दोन दिवस शीमध्ये शेवयांसारखे पांढरट जंत दिसू शकतात. घाबरू नका, पण त्या दोन दिवसांत शी उचलायची अजिबात चुकवू नका. चिकूची पहिली शी मी अशी बघितली होती तेव्हा मला दोन दिवस शेवयाची खीर नको झाली होती, पण त्याच दिवशी पटलं की वरून तुकतुकीत दिसणाऱ्या कुत्र्याच्याही पोटात हे सगळं असू शकतं.

वर्षातून एक-दोनदा शी तपासून घ्या. पेरूएवढी नाही, सुपारीएवढी ताजी शी स्वच्छ डबीत घालून व्हेटकडे द्यायची, त्यातली अंडी मायक्रोस्कोपखाली दिसतात. औंधला पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे, तुमच्या व्हेटकडे सोय नसेल तर तिथे आधी विचारून घ्या.

आणि मटणाच्या दुकानातून कुत्र्यासाठी म्हणून जे काळीज-फोफसं स्वस्तात मिळतं ते कच्चं कधीच घालू नका, चांगलं रटरटा शिजवा. गल्लीतल्या दुकानदाराशीही बोला, तो दुकान बंद करताना उरलंसुरलं बाहेरच्या कुत्र्यांना टाकतो ते त्यांच्यावर माया म्हणूनच टाकतो, त्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं.

तिसरं: शी उचलायची कशी

साधी वाटणारी गोष्ट आहे पण बघते तर निम्मे लोक चुकीचं करतात, म्हणून तपशिलात सांगते.

पिशवीत हात घाला, म्हणजे पिशवी हातमोजा झाली. शी मुठीत धरा, आणि माती किंवा वाळू असेल तर खालची अर्धा इंच मातीही सोबत उचला. मग पिशवी उलटी करत हातावरून काढा, हवा दाबून गाठ मारा. ज्यांना प्लास्टिक नको त्यांनी पेपरचा जाड चौकोन आणि पुठ्ठ्याचा तुकडा न्यावा, पुठ्ठ्याने ढकलून पेपरवर घ्यायचं. शी पातळ असेल तर तिच्यावर कोरडी माती, राख किंवा लाकडाचा भुसा टाका, दोन मिनिटं थांबा, मग सुपलीने खरवडा. संध्याकाळी फिरायला जात असाल तर टॉर्च न्या, अंधारात राहून जातं आणि आपण "उद्या बघू" म्हणतो.

पाइप लावून जोरात पाणी मारू नका. आमच्याकडे वॉचमनकाका रोज सकाळी पार्किंगमध्ये हेच करायचे, मनापासून करायचे, फरशी चकाचक दिसायची आणि ते पाणी उताराने थेट लॉनमध्ये जायचं. म्हणजे एका जागची अंडी पूर्ण हिरवळीला वाटली जात होती. आधी उचलायचं, मग धुवायचं, हा क्रम त्यांना एकदा नीट समजावून सांगितला तर ते आता दुसऱ्यांना सांगतात.

टेकडीवर जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, सगळीकडे हेच ऐकते की झाडीत केली तर काय होतंय, खत होतंय. आपल्याकडे शेणाने अंगण सारवायची सवय, त्यामुळे प्राण्याची विष्ठा म्हणजे खत असं मनात बसलेलं आहे. गाय गवत खाते. कुत्रा मांस खातो आणि त्याचे जंत माणसाच्या अंगात शिरतात, दोन्हींची तुलना होत नाही. शिवाय पावसात टेकडीवरचं सगळं खालच्या ओढ्या-नाल्यांना जातं. आणि उचलून पिशवीची गाठ मारून ती पायवाटेच्या कडेला ठेवणं हे तर न उचलण्यापेक्षा वाईट, कारण ती तिथेच राहते. खाली येईपर्यंत हातात धरा.

चौथं: उचललं, आता टाकायचं कुठे

घर ड्रेनेज लाइनला जोडलेलं असेल तर सगळ्यात बरं म्हणजे संडासात टाकून फ्लश करणं, फक्त शी, पिशवी किंवा पेपर नाही. सेप्टिक टँक असेल तर हे नको.

फ्लश शक्य नसेल तर कचरा. आता इथे एक विचार करा. पुण्यात बऱ्याच भागात घरोघरचा कचरा 'स्वच्छ' संस्थेच्या ताई नेतात आणि तो हाताने वेगळा करतात. ओल्या कचऱ्याच्या बादलीत भाजीच्या देठांखाली शीची पिशवी लपवली तर ती त्यांच्या हातात फुटते. सॅनिटरी पॅड आणि डायपर पेपरमध्ये गुंडाळून वर लाल ठिपका काढायची पद्धत त्यांनीच रुजवली आहे. आमच्याकडे येणाऱ्या ताईंना मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ठिपका काढा आणि हातात देताना तोंडाने सांगा." तेव्हापासून पिशवीवर पेपर, पेपरवर लाल ठिपका, आणि वेगळी देते. तुमच्याकडे जे कोणी नेतात त्यांना विचारून ठरवा.

कंपोस्टमध्ये मात्र कधीच नाही. सोसायटीचा किंवा गच्चीवरचा खड्डा अंडी मारण्याइतका सगळीकडून आणि सलग तापत नाही. आणि इथे एक छुपी वाट आहे जी आमच्याही लक्षात फार उशिरा आली. सकाळी झाडलोट करताना पालापाचोळ्यासोबत वाळलेली शी पण गोळा होते आणि सगळं मिळून कंपोस्टच्या खड्ड्यात जातं. तेच खत तीन महिन्यांनी चाळून आपण कुंडीतल्या कोथिंबिरीला घालतो आणि ती कोथिंबीर कच्ची पोह्यांवर. म्हणून झाडणाऱ्या मावशींना सुपली आणि वेगळा डबा द्या, हातमोजे आणि गमबूट सोसायटीच्या खर्चाने द्या, आणि आधी शी वेचायची, मग पाला झाडायचा असं ठरवा. मावशी आमच्यापेक्षा जास्त वेळ त्या मातीत असतात, त्यांच्या पायांची काळजी सगळ्यात आधी घ्यायला हवी.

पाचवं: वाळू, लॉन आणि खेळायची जागा

वाळूचा खड्डा असेल तर मे महिन्यात, पावसाच्या आधी, वरची चार-सहा इंच वाळू काढून टाका आणि नवीन घाला. रात्री जाळी किंवा ताडपत्रीने झाका म्हणजे कुत्री-मांजरी बसणार नाहीत, पण सकाळी ती काढायलाच हवी, कारण दिवसभर झाकून ठेवली की आत दमट ऊब तयार होते आणि अळ्यांना तेच हवं असतं. वाळू आठवड्यातून एकदा दाताळ्याने खालीवर करून उन्हात सुकू द्या. आम्ही शेवटी वाळूच काढून टाकली आणि रबरी मॅट टाकल्या. एजीएममध्ये खर्चावरून दीड तास गेला, पण ताईने फोनवरचा तो पायाचा फोटो सगळ्यांना दाखवला आणि मग कुणी फार ताणलं नाही.

फिनाईल शिंपडून समाधान मानू नका. फिनाईल किंवा ब्लीचिंग पावडरने टॉक्सोकाराची अंडी खात्रीने मरत नाहीत. फरशीवर आधी खरवडून मग उकळतं पाणी ओतलं तर उपयोग होतो. लॉनवर गवत छोटं ठेवा म्हणजे ऊन खालपर्यंत पोचतं, आणि संध्याकाळी उशिरा पाणी घालू नका, माती रात्रभर ओली राहते.

सहावं: भटकी कुत्री

इथे सोसायटीचे दोन तट पडतात आणि मूळ काम राहून जातं. कुत्री हाकलून उपयोग नाही, मोकळ्या झालेल्या जागेत दुसरी येतात, बहुधा लस न टोचलेली. प्राणी जनन नियंत्रण नियम २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की खायला घालायची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यांपासून, येण्या-जाण्याच्या वाटांपासून लांब असावी. कुत्रं खाल्ल्यावर थोड्याच वेळात आसपास शी करतं, म्हणजे खायची जागा हलवली की शीची जागाही बरीचशी हलते. आम्ही मागच्या गेटजवळची कोरडी, उन्हाची पट्टी ठरवली.

जे खायला घालतात त्यांनाच सोबत घ्या. कुत्रं त्यांच्याच हातून खातं, त्यामुळे व्हेटने सांगितलेलं जंताचं औषध तेच देऊ शकतात. आमच्याकडे दोन काकू आहेत, पनीरच्या तुकड्यात गोळी घालून सहा कुत्र्यांना एका संध्याकाळी देतात आणि वहीत तारीख लिहितात. खर्च आम्ही सगळे मिळून काढतो. आणि पार्किंगमध्ये गाडीखाली कुत्री व्याली असेल तर जंताच्या औषधासाठी तिला आणि पिल्लांना सगळ्यात आधी धरा. मुलं तिथेच जाऊन बसतात, आणि मघाशी सांगितलं तसं अंडी सर्वात जास्त तिथेच पडतात. नसबंदी आणि रेबीजच्या लसीसाठी महापालिकेकडे तक्रार नोंदवून नंबर जपून ठेवा आणि पाठपुरावा करत राहा.

सातवं: मुलांचे हात-पाय

बाहेरून आल्यावर साबण आणि वाहतं पाणी, नखांच्या खाली चोळून. सॅनिटायझर इथे चालत नाही, अंड्यांचं कवच त्याला दाद देत नाही, साबणाने ती घासून निघून जातात एवढाच उपाय आहे. नखं दर आठवड्याला कापा. पावसाळ्यात माती-वाळूत अनवाणी नको, ओल्या मातीत फतकल मारून बसणंही नको, कारण अळी ढुंगणाच्या कातडीतूनही शिरते. कुंडीतला पालेभाजीचा माल पानन् पान सुटं करून धुवा. मूल माती खात असेल तर रागावून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा, बऱ्याचदा लोह कमी असतं.

कुत्र्याला हात लावू नको असं मात्र मुलांना शिकवू नका. केसांवर अंडी सापडली तरी ती बहुतेक तयार झालेली नसतात, खरा धोका जुन्या मातीचा आहे. कुरवाळा आणि नंतर हात धुवा.

डॉक्टरांकडे कधी जायचं

सरकणारी, खाजणारी रेघ दिसली तर तिच्या पुढच्या टोकाशी पेनने खूण करा, तारीख लिहा आणि फोटो काढा. दुसऱ्या दिवशी ती खुणेच्या पुढे गेलेली दिसली तर डॉक्टरांना ओळखायला फार सोपं जातं, आमचे आठ दिवस यातच वाया गेले. सुईने अळी काढायचा प्रयत्न करू नका, ती रेघेच्या टोकाला नसतेच, थोडी पुढे गेलेली असते.

टॉक्सोकारा ओळखायला अवघड. पोटात अंडी फुटून अळ्या लिव्हर, फुफ्फुसं अशा फिरतात. बऱ्याच जणांना काहीच त्रास होत नाही, पण काही मुलांना रेंगाळणारा ताप, खोकला, घरघर, पोटदुखी होते आणि रक्ताच्या तपासणीत इओसिनोफिल, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, खूप वाढलेल्या दिसतात. मुलाची शी तपासून हे कळत नाही, कारण हा जंत माणसात मोठा होऊन अंडी घालत नाही, त्यासाठी रक्ताची वेगळी टेस्ट असते. म्हणून डॉक्टरांना आपणहून सांगा की घरात पिल्लू आहे, किंवा मूल माती खातं. शाळा-अंगणवाडीत फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमारास जंतनाशक दिनाची जी गोळी देतात ती जरूर द्या, पण ती माणसाच्या जंतांसाठी आहे, तेवढ्या एका डोसवर यात विसंबता येत नाही.

डोळ्याचं मात्र थांबू नका. अळी डोळ्यात गेली तर बहुधा एकाच डोळ्याला कमी दिसायला लागतं, आणि लहान मूल ते सांगत नाही कारण दुसऱ्या डोळ्याने त्याचं भागतं. अचानक तिरळेपणा आला, फोटोत एक बुबुळ पांढरं चमकलं, किंवा एक डोळा झाकला की मूल चिडायला लागलं, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. पांढऱ्या चमकेची याहून गंभीर कारणंही असतात. घरच्या घरी महिन्यातून एकदा एक एक डोळा हाताने झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावा, अक्षरं येत नसतील तर चित्रं ओळखायला लावा.

भाच्याला स्किनच्या डॉक्टरांनी पोटात घ्यायचं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी खाज थांबली, पेनची खूण जिथे होती तिथेच रेघ थबकली, आणि दोन-तीन आठवड्यांत खपली धरून गेली.